तिचं नाव मी वाचायचं

पोलंडला जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे, असं बारामतीच्या अभ्यासकेंद्रातल्या सरांनी सांगितलं, तेव्हा मी पहिलं काय विचारलं तर, "सर, चुकून तर नाही ना?"

आठवीतून शाळा सुटलेली मी. आईबाप बीडकडून ऊसतोडीला इकडं यायचे आणि धाकट्यांना सांभाळायला मी बरोबर. पुढं ते गावी राहिले, मी पिंपळीजवळच्या रोपवाटिकेत कामाला लागले. सर मागं लागले म्हणून बाहेरून परीक्षा देत देत इतिहासाच्या बी.ए.पर्यंत आले. नाझी राजवटीत ज्यू लोकांचा संहार जिथं झाला, ती छावणी बघायला आमचा गट निघणार होता. त्याआधी प्रत्येकानं तिथं मारल्या गेलेल्या एका माणसाबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

माझ्या वाट्याला एक मुलगी आली. एक फोटो आणि चार ओळी. बाप शिंपी. गणितात हुशार. चौदाव्या वर्षी ज्यू म्हणून शाळेतून काढली. दोन वर्षांनी आईबरोबर छावणीच्या आगगाडीत चढवली.

पुढं काही नाही.

फोटोत ती उन्हानं डोळे बारीक करून हसत होती. म्हणजे त्या दिवशी ऊन पडलं होतं. कुणीतरी तिला "इकडं बघ" म्हणालं होतं. मी कागद घडी करून ठेवायचे आणि परत उघडायचे. एवढं मोठं माणूस चार ओळींत कसं मावलं, हेच कळेना.

धाकधूक वेगळीच होती. गटातली बाकीची फाडफाड बोलणारी. माझ्यासाठी सरांनी शब्द टाकलेला. मी अडखळले तर मान त्यांची खाली जाणार.

म्हणून मिरचीचं बी ट्रेमध्ये टोकता टोकता मी बायकांसमोर सराव करायचे.

"आली बगा युरोपवाली," एकजण म्हणायची. "इमानात खिडकीला बस गं. आन् तितं बी ट्रे दिसला तर भरत बसू नगंस!"

पण मी सुरू केलं की हळूहळू गप्प व्हायच्या. शेवट मी मोठ्या झोकात लिहिला होता: "तीही चौदाव्या वर्षी शाळेतून गेली, मीही. ती आणि मी एकच."

आमच्यात सगळ्यात थोरली मावशी पिंपळीचीच, बौद्धवाड्यातली. तिचा हात थांबला.

"तुला कुणी हाकललं व्हतं व्हय?"

"न्हाय मावशी. आमची परिस्थितीच—"

"माज्या सासऱ्याला मास्तर वर्गाच्या भाईर बसवायचा. भाईरनं ऐकून चौथी केली त्यांनी. तरी मी न्हाय म्हणत, त्यांचं आन् हिचं एकच हाय. तू परत शाळंत बसलीस. हिला कुणी बसू दिलं?"

मला वर बघवेना. ती वाक्यं मला फार आवडलेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी ती खोडली, आणि त्यांच्या जागी काय लिहावं ते सुचलंच नाही.

केंद्रात माझी पाळी आली. चार ओळी सांगितल्या. फोटोतलं ऊन सांगितलं. मग म्हटलं, "ती काय खायची, कुणाशी भांडायची, मला माहीत नाही. शोधलं, मिळालं नाही. मला एवढंच माहीत आहे." आणि खाली बसले. वाटलं, संपलं, आता नाव कापणार.

सरांनी यादीत माझ्या नावापुढं खूण केली. मग म्हणाले, "तिथं आपण ही नावं मोठ्यानं वाचणार आहोत. हिचं नाव तू वाचायचंस."

सकाळी कामावर पोचले तर मावशीनं विचारलं, "झालं का नीट?"

"व्हय. तिचं नाव मी वाचायचं तितं."

"मग म्हण की. ऐकू दे."

मी म्हटलं. परक्या मुलखातलं अवघड नाव. मावशीनं ते म्हणून बघितलं, चुकलं, परत म्हटलं. मग शेजारचीनं. मग तिच्या पलीकडचीनं. एरवी कशालाही हसणाऱ्या त्या बायका, पण एकही हसली नाही.

"परत सांग गं," मावशी म्हणाली, "सावकाश."