साडूंच्या मागची सीट

मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत माळशेजच्या रस्त्यावर असा एकही जीव नसेल जो आमच्या साडूंच्या मोटरसायकलवर मागे बसलेला नाही. हल्ली बसत नाही ती फक्त साडूंची बायको. 'माणूस' न म्हणता मी 'जीव' म्हणतो ते विचार करूनच म्हणतो. बोकड बसलेले आहेत, कोंबड्यांची खुराडी बसलेली आहेत, आणि एकदा वऱ्हाडाची जीप बंद पडली म्हणून मुंडावळ्या उडवत एक नवरदेवही बसलेला आहे. तो मांडवात पोचला तेव्हा बँडवाले अजून तीन गावं मागे होते. माझं शहापुरात कापडाचं दुकान आहे. वारभर कापडाच्या जागी सव्वा वार गेलं तरी माझा जीव कासावीस होतो, त्यामुळे या गृहस्थांचं आणि माझं जमावं असं काही कारण नव्हतं. पण दोन सख्ख्या बहिणी केल्या, आता करता काय!

साडूंचं टोकावड्याला शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. दुकान दहाला उघडतं असं पाटीवर लिहिलेलं आहे. वैशाखऱ्याहून ते नऊलाच निघतात, पण वाटेत कुणी मुरबाडला निघालेलं भेटलं की दुकानासमोरून तसेच पुढे जातात, दारात बसलेल्या गिऱ्हाइकाला हात करतात, आणि गिऱ्हाईकही हात करतं. कुणी चिडत नाही. चिडणार कसं? तेही कधीतरी त्याच सीटवरून दवाखान्यात गेलेलं असतं. मी एकदा म्हटलं, "अहो, धंद्याच्या वेळी तरी सरळ दुकानात जात जा." तर म्हणाले, "शेट, कंपनीनं सीट दोघांची बनवलेय. एकट्यानं फिरवली तर अर्धी गाडी फुकट जाते ना!" शंभर सीसीची, दूधवाले वापरतात तसली ती गाडी, मागे लोखंडी कॅरिअर. दोघं बसलेले असताना तिसरा भेटला तर साडू स्वतः पुढे टाकीवर चढतात आणि मान मागे वळवून म्हणतात, "जरा सरकून घ्या." हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांच्याकडे लिफ्ट मागावी लागत नाही, हात वर दिसला की पुरे. एकदा एक माणूस रस्त्याकडेला हात वर करून जांभळाची फांदी वाकवत होता. साडूंनी गाडी थांबवली, त्याला बसवला आणि बोलत बोलत टोकावड्याला नेऊन सोडला. तो बिचारा संकोचाने काही बोलला नाही. जांभळं मात्र चांगली होती, असं साडू सांगतात.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, साडूंची बायको. लग्नानंतर सुरुवातीला त्याही मागे बसायच्या. मग एकदा मुरबाडहून लग्न जेवून दोघं परत येत होते. ताईंच्या अंगावर नवी कोरी साडी, केसांत गजरा. सरळगावला एक बाई तापलेलं पोर छातीशी धरून उभी होती. साडूंनी गाडी थांबवली आणि ताईंना म्हणाले, "उतर गो. तू जीपनं ये, हिला पोचवून येतो." ताई उतरल्या. तापलेल्या पोराला नाही कोण म्हणणार? पण लग्नसराई, सगळ्या जीपा भरून जात होत्या. अखेर ताई कोंबड्यांच्या टेम्पोतून घरी आल्या. साडी धुतली, पण वास काही गेला नाही, आणि राग तर नाहीच नाही. तेव्हापासून ताई त्या गाडीवर बसल्या नाहीत, आणि कुणाच्याही बारशाला, साखरपुड्याला, अगदी दहाव्यालासुद्धा ताईंचं एकच पालुपद, "मला उतरवली यांनी. सगळ्या दुनियेला बसवतात आन मला उतरवतात." आम्ही हसायचो. साडूही हसायचे, पण खाली बघून.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोबाइलवर कुठला तरी लडाखचा व्हिडिओ पाहिला. उघडे डोंगर, सरळ रस्ता, आणि नजर पोचेल तिथवर माणसाचा पत्ता नाही. बाकीच्यांना तिथे निसर्ग दिसतो. साडूंना दिसलं ते एवढंच की इथे हात दाखवायला कुणी नाही. मोबाइल घेऊन ते तसेच चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "गो, तुला हितं नेतो. हितं कुणासाठी उतरवायचा प्रश्नच नाय." ताई आधी म्हणाल्या, "भांग पिलाव का?" मग मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

तयारी अशी सुरू झाली की विचारू नका. पावसाळ्यात शेतातले पंप बंद, म्हणजे मोटारी जळत नाहीत आणि दुकानात माशा मारायच्या असतात; तेव्हा लावणी आटोपली की निघायचं ठरलं. थंडीची सवय व्हावी म्हणून ताई भर वैशाखात लोकरीची कानटोपी घालून अंगण झाडू लागल्या. गाव बघायला यायचं. जुन्या साड्यांच्या घड्या घालून, दाट टाके मारून त्यांनी सीटवर बांधायला एक जाड गादी शिवली, चार कोपऱ्यांना चार नाड्या. त्यातली एक घडी त्या कोंबड्यांच्या टेम्पोवाल्या साडीची होती, हे मला बायकोकडून कळलं. आणि लावणीच्या आधी एक दिवस भाताची गोणी उचलताना ताईंची पाठ गेली. मणका सरकला. महिनाभर अंथरूण, कमरेला पट्टा, आणि कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "मोटरसायकलचं नाव काढायचं नाही. यापुढे कधीच नाही."

साडूंनी बेत मोडला. गाडी पडवीत लावून ठेवली. रस्त्यावरचे लोक चौकशी करू लागले, कारण सगळ्यांनाच चालत जावं लागत होतं. शेवटी ताईंनीच एका सकाळी ती गादी काढली, पट्टा सावरत पडवीत आल्या आणि चारही नाड्या स्वतः सीटला बांधल्या. "तुमी जा," त्या म्हणाल्या. "पण माझी सीट माझीच. कुणालाबी बसवायचं नाय. मला नाय जाता येत तर निदान माझी जागा तरी जाऊन येऊ दे. एवढं जमलं तर जा, नायतर राहू दे." साडूंनी गाडीच्या टाकीवर हात ठेवून शब्द दिला. मी तिथेच होतो. खरं सांगतो, मनात म्हटलं, हा माणूस कसारा घाट चढायच्या आत शब्द मोडणार.

आता मागची सीट रिकामी ठेवायची म्हणजे सामान कुठे ठेवायचं? सगळं जग सामान मागे बांधतं. साडूंनी दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या पिशव्या लटकवल्या, टाकीवर तंबू बांधला, सुकटीच्या चटणीचा डबा आणि तांदळाचं पीठ छातीवरच्या पिशवीत घेतलं, आणि कॅरिअरवर हवेचा पंप. मधली गादी तेवढी मोकळी. निघाले तेव्हा टोकावड्यापर्यंत सवयीने अख्ख्या रस्त्याने त्यांना हात केला, आणि ते डोळे खाली घालून सगळ्यांना नमस्कार करत गेले. जणू निवडणुकीला उभे आहेत!

रोज संध्याकाळी फोन यायचा. हिमालय कसा आहे, नद्या कशा आहेत, काही नाही. आधी विचारायचे, "कंबर कशी हाये? कालवण काय केलं?" आणि मग कबुलीजबाब दिल्यासारखी दिवसाची यादी, "आज एक म्हातारबुवा उभे होते. नाय बसवलं. एक शाळेतली पोर होती. नाय बसवली. जेवण नाय गेलं मला." ताई म्हणायच्या, "जेवा." डोंगर लागल्यावर तर गाडीच चढेना. पहिल्या गिअरला रडतखडत जायची; कुठे उतरून ढकलायचे. मनालीच्या पुढे एका धाब्यावर मोठमोठ्या गाड्यांवरची शहरी पोरं भेटली, गुडघ्याला कवच, हातात कवच. त्यांनी विचारलं, "अंकल, सामान पीछे क्यों नहीं बांधते?" साडू म्हणाले, "पीछे मिसेस बैठी है." पोरांनी रिकाम्या गादीकडे पाहिलं. एकाने डोक्यावरची टोपी काढली, दुसऱ्याने चहा मागवला, तिसऱ्याचे डोळे भरून आले. साडूंना चहा संपेस्तोवर उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ओरडले, "अरे नाय रे बाबांनो, जिवंत है! घर में है! कमर गयी है उसकी!"

पुढे रेंज गेली. फोन बंद. आम्ही नवरा-बायको वैशाखऱ्याला जाऊन राहिलो. ताई फोन चार्जिंगला लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. माझी चिडचिड होत होती. या वयात, असल्या गाडीवर, एकट्याने! तिथे काही झालं असतं तर कळवणार कोण? अखेर लेहवरून फोन आला. ताईंनी स्पीकर लावला. साडूंचा आवाज पडलेला होता. "पोचलो. बरा हाये. एक गोष्ट सांगायचेय, पण घरी येऊन सांगतो." ताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "बसवलं कुणाला तरी." बस्स, एवढंच. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. माझी बायको म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात? जीव वाचला ना माणसाचा!" ताई म्हणाल्या, "तुला नाय कळायचं. तुला कधी उतरवली नाय."

परत आले ते गणपतीच्या तोंडावर. चेहरा भाजून काळा ठिक्कर, ओठ फुटलेले. गादी मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलेली. अंगणात गाडी लावली, पाणीसुद्धा घेतलं नाही. ताई ओट्यावर खांबाला धरून उभ्या. हेल्मेट हातात घेऊन साडू त्यांच्यासमोर उभे राहिले, एखाद्या पोराने मास्तरांपुढे उभं राहावं तसे, आणि सांगू लागले. "मोठं पठार होतं गो. झाड नाय, घर नाय, गाडी नाय. वारा असा की बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाय. तिथं एक म्हातारी. पाठीवर बोजा, पाय लंगडत. हात केला. मी नाय थांबलो. तुझी आण, नाय थांबलो. गाडी पुढं चाललेली आन मान माझी मागंच. आरशात ती बारीक बारीक होत गेली. हात तसाच वर. मग नाय राहवलं. वळवली गाडी."

ताईंनी कमरेचा पट्टा सावरला.

"पण सीट नाय दिली गो तिला. कॅरिअरवरला पंप काढून गळ्यात अडकवला, तिला कॅरिअरवर बसवली आन मी पुढं टाकीवरल्या तंबूला खेटलो. मधी तुझी गादी मोकळीच. म्हातारी सारखी पुढं सरकायला बघायची, थंडी होती ना! मी आपला हातानं खुणा करतोय, मागं व्हा, मागं व्हा, हितं माणूस हाये. तिला काय कळणार? हसायला लागली. तिच्या तंबूपाशी उतरवली तर हे दिलं तुझ्यासाठी. मी खुणेनंच सांगितलेलं तिला, मधली माझी बायको म्हणून." त्यांनी खिशातून पुरचुंडी काढली. वाळवलेल्या दह्याचे पांढरे खडे होते, दगडासारखे टणक.

मला हसू येत होतं, पण ताईंकडे बघून आवरलं. त्यांनी एक खडा उचलला, सुपारीसारखा गालात धरला. चघळत राहिल्या. मग हळूच विचारलं, "म्हंजे तिला बसवताना तुमी काय म्हणलाव?"

साडू म्हणाले, "दुसरं काय म्हणणार? तुलाच म्हणलो. गो, जरा सरकून घे."

ताईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते कळेना, बहुतेक दोन्ही. मग म्हणाल्या, "या खेपेला उतरवली नाय मला." आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "ऐकलंस का गो? उतरवली नाय." साडूंनी मान हलवली, आणि तेव्हा कुठे पाणी मागितलं.

त्यानंतर ते पालुपद कुणी ऐकलं नाही. रस्ता पुन्हा सुरू झाला आहे, सकाळी दुकान पुन्हा उशिरा उघडतं, सीटवर पुन्हा बोकड बसतात. गादी मात्र त्यांच्यासाठी नाही, ती घरात खुंटीला असते. संध्याकाळी परत आले की साडू गाडी ओट्याला अगदी खेटून मुख्य स्टँडवर लावतात, गादीच्या नाड्या बांधतात. ताई ओट्यावरून पाय न उचलता अलगद मागे बसतात. साडू पुढे बसतात, हँडल धरतात आणि सांगू लागतात, लेहच्या वाटेवरचा आज कुठला घाट, आज कुठला पूल. गाडी बंद, जागेवरच. डॉक्टरांची याला काही हरकत नाही. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा दोघं असेच बसलेले होते. रस्त्यावरून एक माणूस पिशवी सांभाळत अंगणापाशी आला आणि म्हणाला, "दादा, टोकावड्याला सोडताव का?" मी साडूंकडे पाहिलं. त्यांचा हात किल्लीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"नाय रे," साडू म्हणाले. "आता जागा नाय. थोडा थांब, आमी सरचूपर्यंत आलोय."

तो माणूस काही न विचारता ओट्याच्या कडेला बसला. मीही चप्पल काढून त्याच्या शेजारी बसलो.