गोदाम कुठं ठेवायचं

मुलाची कंपनी जपानी. ऑफिस हॉलंडात, होफडॉर्पला, विमानतळाच्या पलीकडं, आणि तिथंच मुलगा आणि सूनबाई भाड्याच्या घरात राहायचे. मी आणि आमची ही तीन महिन्यांसाठी म्हणून आलो, आणि ही त्याच घरात गेली. सकाळी, चहा गाळता गाळता. परत जायला विमान होतं, तिकीट होतं, ती नव्हती. मुलानं कागदपत्रं करून मला ठेवून घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, पुण्यात बिस्किटांचा टेम्पो चालवलेला माणूस. सही कुठं करायची दाखवलं, केली.

माझं एकच म्हणणं होतं. तिचं वर्षश्राद्ध याच घरात व्हायचं. आमच्यातून ती जिथून उठून गेली, तिथंच तिला बोलवायचं. आणि नेमकं तेव्हाच कंपनीनं गोदामाचं काढलं.

मुलानं एकदा जेवताना समजावलं. मूळचं जपानातलं दुकान, शिवणयंत्राच्या सुया आणि पट्टे विकणारं. धंदा वाढला तशा देशोदेशी उपकंपन्या काढल्या. एक हॉलंडात, एक जर्मनीत, एक फ्रान्सात. प्रत्येकीचं गोदाम वेगळं. मग व्हायचं काय, जर्मनीत सुया संपल्या की फ्रान्सात ढीग पडलेला असायचा, आणि हे जपानहून नव्या मागवायचे. आता सगळ्यांचं मिळून एकच गोदाम करायचं. संध्याकाळी ट्रक निघाला की सकाळी माल दारात.

"म्हणजे चुली वेगळ्या, पण डाळीचं पिंप एकच," मी म्हटलं.

"तसंच समजा बाबा. पण पिंप जर्मनीत ठेवलं तर आपल्यालाही तिकडं जावं लागेल. या दोन महिन्यांतच."

घास तोंडातच राहिला. म्हटलं, "हे ठरवतो कोण? त्याला जेवायला बोलव."

मुलाचा जपानी साहेब आला तो भेटीचं खोकं दोन्ही हातांनी पुढं करून, कमरेत वाकून. मीही वाकलो. तो परत वाकला. मीही परत. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, बास आता. त्यांना आत तरी येऊ द्या."

सूनबाईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. जपान्यांची रीत अशी, की ताटात काही टाकायचं नाही, टाकलं तर यजमानाचा अपमान. आपली रीत अशी, की ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नाही वाढलं तर पाहुण्याचा अपमान. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की माणूस उपाशी आहे. तो संपवायचा, मी वाढायचो, वर तुपाची धार. मुलानं टेबलाखालून लाथ मारली.

"बाबा, थांबा!"

"तू थांब. बिचाऱ्याची बायको तिकडं जपानात. इथं कोण वाढतंय त्याला?"

साहेब घामाघूम. हळूच पट्टा सैल केलेला मी बघितला. माणूस खूश दिसतोय असं समजून मी तोंड उघडलं.

"साहेब, गोदाम इथंच ठेवा. माझी बायको या घरात गेली. तिचं वर्ष झाल्याशिवाय मी हलणार नाही."

मुलगा इंग्रजीत काहीतरी बोलला. फारच थोडं वाटलं.

"काय सांगितलं यानं?" मी सूनबाईला विचारलं.

"तुम्हाला इथली हवा मानवलीय म्हणून सांगितलं."

"हवा गेली खड्ड्यात. तू सांग, मी बोललो तसं."

तिनं सांगितलं. साहेबाचा हात ताटातच थांबला. मग हळूहळू काहीतरी बोलला.

"गोदामाचं जपानात ठरतं म्हणाले बाबा. यांच्या हातात काही नाही."

"मग एवढं खाल्लं कशाला?"

हे मात्र तिनं सांगितलं नाही.

जाताना तो स्वयंपाकघरात हिच्या फोटोपुढं उभा राहिला आणि वाकला. माझ्यापुढं वाकला होता त्याहून खाली, आणि बराच वेळ. एवढ्या पोळ्या पोटात घेऊन त्याला ते कसं जमलं, देव जाणे.

काही आठवड्यांनी मुलगा कोट न काढताच आत आला. "गोदाम इथंच राहतंय. बंदर जवळ, विमानतळ दारात, म्हणून. तुमच्या पोळ्यांमुळं नाही."

"बरं."

"खरंच नाही, बाबा."

"मी काही म्हटलं का?"

वर्षश्राद्ध त्याच घरात झालं. गुरुजी पुण्यात. त्यांनी फोनवरून मंत्र म्हणायचे आणि मुलानं इथं सोवळं नेसून करायचं, असं ठरलेलं. पिंड मांडून झाले, आणि मंत्र अर्ध्यावर असताना गुरुजींच्या जागी एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. फोनच्या कार्डातले पैसे संपले होते. मुलगा सोवळ्यावरच कोट चढवून सायकलवरून नवं कार्ड आणायला पळाला. सूनबाई खिडकीतून बघत हसू दाबत होती.

मी पिंडांपुढं बसून राहिलो. म्हटलं, "थांब जरा. येईल तो इतक्यात. मी बसलोय."