अंगठ्याचा निकाल

जमिनीखालच्या केबलींना जोड देणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. आता त्याला लिहितावाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. पेपर तो निधनवार्तांसकट वाचून काढायचा. नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं. दोन केबलींची टोकं जिथं जोडतात, तिथं जोडाभोवती एक लांबट पेटी बसवतात. पेटीच्या दोन्ही तोंडांतून केबल आत शिरते, आणि पाणी शिरलं तर तेही तिथूनच. म्हणून तोंड बंद करण्याआधी केबलचं काळं आवरण पॉलिश पेपरनं घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं आणि मग त्यावर चिकट पट्टी ताणून गुंडाळायची. आवरण जरासं जरी दमट राहिलं, तर पट्टी वरून छान बसल्यासारखी दिसते आणि खालून पाणी आपली वाट काढतं. तो दमटपणा डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या अंगठ्याला मात्र कळायचा. हातमोजा काढून तो केबलवर अंगठा फिरवायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, "कोरडं." तोवर कुणी पट्टीला हात लावत नसे.

माणूस तिरसट होता. चहा गार झाला की चहावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. नरमायचा तो फक्त मेहुण्यापुढे. आई गेल्यावर बायकोनंच या धाकट्या भावाला वाढवलं होतं, आणि लग्न झाल्यावर त्याला ती बरोबर घेऊनच आली होती. "एकीवर एक फुकट मिळाला," असं तो टोळीत सांगायचा. मेहुणाही काही कमी नव्हता. "भाऊजी, आता परत करायची मुदत संपली," म्हणायचा. कामावर पेटीच्या एका तोंडाशी हा आणि दुसऱ्या तोंडाशी तो, ही जागा ठरलेली.

बोटं कधी बधिर व्हायला लागली ते त्यालाही सांगता आलं नसतं. आधी शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मग एके दिवशी दुपारी त्यानं शेगडीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि शांतपणे ओट्यावर नेऊन ठेवलं. बायको किंचाळली तेव्हा त्यानं हातांकडे पाहिलं. बोटं लाल झाली होती. डॉक्टरनं त्याला डोळे मिटायला लावून टाचणी टोचली आणि विचारलं, "कुठल्या बोटाला?" त्याला सांगता येईना.

"टोळीत सांगून टाका," बायको घरी येताच म्हणाली.

"आणि मग? स्टोअरच्या दारात खुर्ची टाकून बसवतील मला. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत बसू?"

"निदान माझ्या भावाला तरी सांगा. तो तुमच्या शब्दावर काम करतो."

"तुला माझी शपथ आहे. त्याच्याजवळ ब्र काढायचा नाही."

तिनं शपथ पाळली. भाऊ घरी यायचा, हसायचा, जेवायचा, आणि ती त्याच्या ताटात वाढत राहायची. आतल्या आत तिचा जीव तुटत असायचा, पण नवऱ्याचा ताठा मोडवत नव्हता.

त्यानं आपला एक उपाय शोधून काढला होता. पेटीत डोकावून बघतोय असं दाखवत तो वाकायचा आणि केबलला हळूच गाल लावायचा. गालाला दमटपणा कळायचा. मग अंगठा फिरवण्याचं नाटक करायचा आणि "कोरडं" म्हणायचा. काही दिवस निभावलं. निभावलं म्हणूनच तर घात झाला. पहिल्याच दिवशी पकडला गेला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

त्या दिवशीचा खड्डा ओला होता. शेजारचा पाण्याचा पाइप झिरपत होता, तळाशी चिखल झाला होता आणि साहेब कडेला उभा राहून घाई करत होता. खड्डा इतका अरुंद, की मेहुण्याचा चेहरा अगदी त्याच्या चेहऱ्यासमोर. साहेब वरून, मेहुणा समोरून, दोघांच्या नजरा त्याच्यावरच. गाल लावायचा कसा? तो जरासा वाकला तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "काय भाऊजी, केबलीचा मुका घेताय की काय?"

सगळे हसले. तोही हसला, सरळ झाला आणि त्यानं नुसता अंगठा फिरवला. अंगठ्याला काही म्हणजे काही लागलं नाही. ओलं नाही, कोरडं नाही, केबलसुद्धा नाही.

"कोरडं," तो म्हणाला.

पट्ट्या चढल्या, पेटी आवळली, आत भरायचा राळेचा मसाला ओतला. वीज सुरू झाली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पण सकाळी उठून तो काही बोललाही नाही. एक वाक्य पुरलं असतं. पेटी पुन्हा उघडली असती, चार शिव्या पडल्या असत्या, खुर्ची मिळाली असती. त्याला खुर्ची नको होती.

खड्डा अजून बुजवायचा होता, तेवढ्यात त्या गल्लीतले दिवे मिचमिचत असल्याची तक्रार आली. टोळी नुकती डबे उघडून बसली होती. "तुम्ही जेवून घ्या भाऊजी, मी नुसता बघून येतो," म्हणत मेहुणा उठला. खड्ड्यावरचा पत्रा बाजूला करून तो वाकला, आणि पेटी फुटली.

पेटी इतकी जळाली होती, की पाणी कुठल्या तोंडातून गेलं ते सांगता येत नव्हतं. तपासणाऱ्यांनी "आत पाणी शिरलं" एवढं म्हटलं आणि ते निघून गेले.

दवाखान्यात मेहुण्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याचं डॉक्टर अजून काही बोलत नव्हते. हातही बांधलेले, बोटांची टोकं तेवढी बाहेर. त्याची ताई खाटेला चिकटून बसली होती आणि ती बोटं आपल्या मुठीत धरून होती. नवरा पायथ्याशी उभा होता.

"भाऊजी आलेत का?" मेहुण्यानं विचारलं. "भाऊजी, चूक माझीच हो. माझ्याच बाजूनं पाणी गेलं असणार. साहेब ओरडत होता, शेवटचे वेढे मी घाईत दिले. तुम्ही तिथं असता तर तुमचे डोळे गेले असते."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुझी चूक नाही रे," तो म्हणाला. "मी कोरडं म्हटलं, पण मला काही कळलंच नव्हतं. माझी बोटं कधीचीच मेलीत."

मेहुणा हसायला गेला, पण भाजलेल्या ओठांनी ते जमेना. "पुरे झालं. माझं मन राखायला खोटं बोलू नका. तुमचा अंगठा चुकला, असं कधी झालंय का? ताई, सांग ना गं यांना. उगाच सगळं स्वतःवर घेतायत."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिला खोटं बोलता आलं असतं. भावाला तेच हवं होतं.

"खरं बोलतायत ते," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

मेहुण्यानं एकेक करून आपली बोटं तिच्या मुठीतून सोडवून घेतली.