आईच्या भिंतीवरचे नाग

माझ्या चित्रांवर लिहिणारे लोक एक वाक्य हमखास लिहितात. साहेबाच्या अमदानीतलं तैलचित्र आणि आपली देशी भिंत यांचा इथे म्हणे संगम होतो. संगम म्हटलं की नाशिककराला आधी आंघोळ आठवते, पण असो. त्यातलं अर्धं मला कॉलेजात शिकवलं आणि उरलेलं अर्धं मी सायखेड्याला आईच्या भिंतीवरून उचललं, एवढीच त्यातली खरी गोष्ट.

कॉलेजात प्लास्टरची ग्रीक डोकी होती. तसली नाकं आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाला नसतील, पण आम्ही ती कोळशाने वर्षभर घोटली. उजेड डावीकडून घ्यायचा, म्हणजे काढणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाही, हे तिथे इतकं डोक्यात बसलं की आजही माझ्या प्रत्येक चित्रात उजेड डावीकडूनच येतो. मी बायका काढते. जड लाकडी खुर्ची, मागे मखमली पडदा, बाजूला खांब, असा संस्थानिकांच्या तसबिरीतला सगळा थाट असतो. खुर्चीत मात्र आमच्याकडच्या कांदे काढणाऱ्या, द्राक्षबागेत राबणाऱ्या बायका बसतात, आणि पडदा जिथे सरकलेला असतो तिथे बागबगीचा न दिसता गेरूची भिंत दिसते. तिच्यावर आईचे पांढरे नाग.

हे नाग आई नागपंचमीला काढायची. चुलीच्या खोलीतल्या भिंतीवर आदल्या दिवशी गेरू फासायचा, सकाळी वाटीत चुना कालवायचा, काडीला कापूस गुंडाळायचा की झाली तयारी. सुरुवात शेपटीपासून. हात उचलायचा नाही, वळत वळत वर जायचं आणि फण्याशी थांबायचं. असे नऊ. मग जागा उरेल तिथे विंचू, चंद्र, सूर्य, नांगर धरलेला माणूस. हे चालू असताना ती वहिनीला ओरडत असायची, कारण त्या दिवशी आमच्याकडे विळी धरायची नाही, तवा ठेवायचा नाही, आणि वहिनीचा हात सवयीने विळीकडे जायचा. पुरणाची दिंडं उकडायला लावलेली, दूध उतू जायच्या बेतात, आणि आईचा नाग तेवढ्यात वळण घेऊन वर गेलेला. ती भिंतीकडे बघतसुद्धा नसे, अशी मला कायम शंका होती. ती रेघ मी ट्रेसिंग पेपर लावून उतरवली, शंभरदा गिरवली, तेव्हा कुठे माझ्या हाताला आली.

काही वर्षांपूर्वी नाशिकमध्ये माझं मोठं प्रदर्शन लागलं. मधल्या भिंतीवर खुर्चीत बसलेल्या आईचंच चित्र होतं. भावाने तिला गाडीतून आणलं. इस्त्रीचं लुगडं, डोक्यावरून पदर, पायात नव्या चपला. ती चित्रासमोर उभी राहिली आणि आधी त्यातल्या स्वतःच्या हाताकडे बघत बसली.

"शिरा बी काढल्या गं तू हाताच्या," ती म्हणाली. "जित्ता हात हाय हा."

मग तिची नजर मागच्या नागांकडे गेली.

"आणि हे? हे माझ्यावानी वाकडेतिकडे कशाला ठेवले? लोकं हसतील ना."

मी हसले. म्हटलं, लोकांना तेच जास्त आवडतात. तिला ते पटलं नाही, आणि पटवून द्यायला मला सवड नव्हती, कारण वर्तमानपत्राचा माणूस आला होता. तेवढ्यात एका गृहस्थांनी तिला गाठलं. सुती झब्बा, गळ्यात चष्मा. प्रदर्शनांना असे एक गृहस्थ लागतातच. त्यांना वाटलं, गावाकडच्या बाईला समजावून सांगावं. माणूस भला होता, तेच वाईट. चेहऱ्याकडे बोट करून म्हणाले, ही शास्त्रशुद्ध बाजू, यात अभ्यास आहे. नागांकडे बोट करून म्हणाले, आणि ही निरागस बाजू, लहान मुलं काढतात ना, तशी.

त्यांनी नागांचं कौतुकच केलं होतं. आईने मात्र ऐकलं ते एवढंच, की आपण जन्मभर लहान पोरासारखं काढत आलो. परतीच्या गाडीत द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलो तेव्हा ती एकदाच बोलली. "शाळेत घातलं असतं मला, तर?" भावाने हॉर्न वाजवला.

त्यानंतरच्या नागपंचमीला गेले तर भिंतीवर छापील कागद चिकटवलेला. निळा नाग, पिवळी पिंड, खाली उदबत्तीच्या कंपनीची जाहिरात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाला धारेवर धरलं.

"ताई, माझ्यावर कशाला चिडते?" तो म्हणाला. "तिनंच आणायला लावला. मी तर म्हणलो, तू काढ."

आईला विनवलं, रागावले, लाडीगोडी लावली. ती दिंडांवर तूप वाढत राहिली. "आता तू काढायची. तू शिकलेली हायेस. माझं काय, येडंवाकडं." त्या निरागसवाल्या गृहस्थांचा मला इतका राग आला, की ते समोर असते तर त्यांच्या झब्ब्यावर गेरू ओतला असता. पण राग तरी कुठवर काढायचा? ज्या चित्राने तिला लाज वाटायला लावली, ते माझंच होतं. ते मी प्रेमाने काढलं होतं, आणि आजही मला ते चुकलं असं वाटत नाही. म्हणून तर हे दुःख कुठे ठेवावं ते कळत नाही.

यंदा श्रावणात तिचा फोन आला. "ये गं लवकर. मी काढलाय नाग." माझा जीव भांड्यात पडला. दुपारची कामं टाकून मी सायखेड्याला पोचले, चपला दारात भिरकावल्या आणि आत गेले.

भिंतीवर एकच नाग होता. आधी पेन्सिलीने काढलेला, खोडलेला, पुन्हा काढलेला. गेरूवर खोडरबराचे मळकट डाग पडलेले. अंगावर खवले, एकूण एक. उजव्या अंगाला कोळसा घासून छटा दिलेली. पोटाखाली सावली. शेजारी पाटावर माझ्या प्रदर्शनाचं पुस्तक उघडं पडलं होतं, तिच्याच चित्राच्या पानावर. त्या खोलीला डावीकडे खिडकीच नाही. सगळा उजेड उजव्या हाताच्या दारातून येतो. तरी नागाची सावली उजवीकडे, दाराच्या बाजूला पडली होती. तिने पुस्तकातला उजेड घेतला होता.

"दोन दिस लागले याला," वहिनी हळूच म्हणाली. "जेवायला बी उठंनात."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. पंचाहत्तरीची बाई, पण निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरीसारखी पदर मुठीत धरून. "आता जमला का? उजेड डाव्या अंगानंच हाय ना?"

तो नाग मेलेला होता. चुन्याच्या एका फटकाऱ्यात जे सरसरत वर जायचं, ते या खवल्यांखाली पार गुदमरलं होतं. मला रडू आवरेना म्हणून मी भिंतीजवळ जाऊन छटा बघितल्यासारखं केलं.

"जमला, आई," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा उजळला की माझ्या प्रदर्शनातही तो तसा पाहिला नव्हता. "मंग बाकीचे तू काढ. माझा हात दुखतो आता."

मी काडी घेतली, कापूस गुंडाळला, चुना कालवला. मनात म्हटलं, निदान माझ्या हातात तरी ते आहे, तिच्यासमोर काढते, बघून तिला आठवेल. शेपटीपासून सुरुवात केली. हात न उचलता वळत वळत वर गेले आणि फण्याशी थांबले. हुबेहूब तिचा नाग. इतका बरोबर मला कॅनव्हासवरही कधी साधला नव्हता. मी वळून तिच्याकडे पाहिलं.

ती संकोचली होती. पाहुण्यांसमोर कुणी आपलं जुनं फाटकं लुगडं गाठोड्यातून काढून दाखवावं, तशी.

"असा नको गं," ती म्हणाली. "असा तर मला बी येत व्हता."

वहिनीने ओलं फडकं पुढे केलं. मी तो नाग पुसला, पेन्सिल मागून घेतली आणि डावीकडून उजेड धरून खवले काढायला बसले. आई शेजारी पाट घेऊन बसली आणि मी कसं काढते ते नीट बघत राहिली.