करंजी घाटातली पांढरी काच

आई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. आम्हाला कुणाला विचारलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला भाकरी वाढता वाढता म्हणाली, "उद्यापासून सकाळी मी घरी नसेन. क्लास आहे." मला वाटलं, शिवणाचा क्लास असेल. आठवड्याभराने सावेडीच्या रस्त्यावर मी स्कूटरवरून ऑफिसला निघालो होतो, तर समोरून लाल अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलेली गाडी आली आणि स्टिअरिंगवर आई. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. नजर सरळ रस्त्यावर.

पुढच्या दसऱ्याला तिने स्वतःच्या फंडातून गाडी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली. माझे आजोबा, आईचे वडील, भिंगारच्या छावणीत लष्कराच्या गाड्या धुवायच्या कामावर होते. शोरूममधून आईने गाडी आधी विहारात नेली, वंदना घेतली आणि मग भिंगारच्या त्या जुन्या गल्लीत नेऊन थोडा वेळ उभी केली. आजोबांच्या वेळची एक-दोन म्हातारी माणसं बाहेर आली, गाडीभोवती फिरली. एकाने बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "कुणी चालवत आणली?" आई म्हणाली, "मीच." तो म्हातारा बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला.

गाडी हौसेसाठी घेतली नव्हती. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, करंजी घाटापलीकडे पाथर्डीच्या बाजूच्या एका गावात राहते. तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि नगरला येऊन डायलिसिस करणं भाग पडलं. एसटीने येताना ठीक, पण जाताना अंगात त्राण राहत नसे. एकदा ती बसस्टँडवरच चक्कर येऊन बसली. त्या दिवशीच आईने ठरवलं होतं की हिला आपण आणायचं आणि आपणच सोडायचं. काका शेतात, मुलगी सासरी, मी कंपनीत कामाला. दुसरं कुणी नव्हतंच. डायलिसिसची पहिली पाळी सकाळी लवकर असते, म्हणून आई अंधारात उठून चहा घ्यायची, साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि निघायची.

पहिला हिवाळा चांगला गेला. उन्हाळ्यात कुरबुर सुरू झाली. एसी लावला की मध्येच गरम वारा यायचा, गिरणीच्या पट्ट्यासमोर उभं राहिल्यासारखा. बटन कितीही फिरवा, फरक नाही. मग थोड्या वेळाने आपोआप गार. डायलिसिस झालेल्या मावशीला त्या गरम वाऱ्यात घाम फुटायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गॅस भरून दिला, म्हणाले, आता बघायला नको. आईलाही वाटलं, गॅसच कमी झाला असणार.

खरी गोष्ट कळली डिसेंबरात. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेलो होतो. मावशीला तिच्या गावाहून घेऊन आम्ही नगरकडे परत निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि घाटात धुकं उतरलं होतं. आईने समोरच्या काचेवर गरम हवा सोडायचं बटन दाबलं. पंख्याचा आवाज आला, हवा पायांवर आली, काचेवर काहीच नाही. आमच्या तिघांच्या श्वासांनी काच आतून पांढरी होत गेली. आधी कडा, मग मधला भाग, मग सगळीच, दूध सांडल्यासारखी. मी रुमालाने पुसायला लागलो. पुसलेला भाग हात काढेपर्यंत पुन्हा पांढरा.

"काच खाली कर," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. तिने स्वतःची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि वेग कमी केला. मान बाहेर होती म्हणूनच तिला ते दिसलं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, नुसते उसाचे शेंडे धुक्यात लोंबत होते. आईने गाडी थांबवली तेव्हा ते शेंडे बॉनेटला लागत होते.

ट्रॅक्टर पुढे निघून गेला. मागून मावशी म्हणाली, "आक्का, लई गार वारं येतंय गं."

"शाल डोक्यावरून घे," आई म्हणाली आणि तशीच मान बाहेर काढून तिने घाट पार केला. दवाखान्यात मावशीला पलंगावर निजवून आल्यावर ती बाकावर बसली, तेव्हा मला दिसलं की तिचा उजवा कान आणि गाल लालभडक झाले होते. मी तिचे हात हातात घेतले. तिने घेऊ दिले, आणि मग म्हणाली, "चल, सर्व्हिस सेंटर उघडलं असेल."

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक टाय घातलेला तरुण होता. आई बोलायची आणि तो उत्तर मला द्यायचा. "सर, मॅडमना बटनांचा थोडा गोंधळ होत असेल." दोनदा असं झाल्यावर मी म्हणालो, "गाडी त्यांची आहे, चालवतात त्या. त्यांच्याशी बोला." त्याने गाडी आत नेली, शेडमागच्या उन्हात इंजिन चालू ठेवून तपासली आणि परत आणली. सगळं ओके. त्या उन्हात काचेवर वाफ धरणार तरी कशी.

"अशी तक्रार फक्त तुमचीच आहे, मॅडम," तो म्हणाला.

त्यानंतर आई दोन-तीनदा गेली आणि प्रत्येक वेळी हेच ऐकून आली. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. एकाने काचेला बटाटा चोळायला सांगितला, एकाने शाम्पू, एकाने तंबाखूची पुडी. आईने बटाटा आणि शाम्पू दोन्ही करून पाहिलं. "तंबाखू मात्र माझ्या गाडीत येणार नाही," एवढंच म्हणाली. मी मावशीसाठी दुसरी गाडी ठरवून देऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, "ते करता येईल. पण मग ही गाडी बिघडलेली आहे, हे कोण म्हणणार? मीच गप्प बसले तर त्यांचंच खरं."

शेवटच्या वेळी मी तिच्याबरोबर होतो. सर्व्हिस सेंटरच्या वेटिंगच्या खोलीत सोफ्यावर बसलेल्या माणसांकडे आई बघत होती. दवाखान्यात ओपीडीबाहेरच्या रांगेकडे ती असंच बघायची, कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवत. शेजारी एक पिळदार मिशांचे गृहस्थ बसले होते.

"तुमच्या गाडीला काय झालंय?" आईने सरळ विचारलं.

ते भिंगारला राहणारे निवृत्त सुभेदार निघाले. "काय सांगू ताई," ते म्हणाले, "सकाळी नातवाला शाळेत सोडायला निघालो की काच आंधळी होते. यांना सांगतो, तर म्हणतात, आजवर अशी कम्प्लेंट कुणाची आली नाही."

समोरच्या खुर्चीवरचा टोपी घातलेला माणूस पुढे सरकला. तो हिवरे बाजारचा, घरच्या गायींचं दूध, शेती. "मला बी हेच सांगितलं," तो म्हणाला. "म्हनले, फकस्त तुमचीच तक्रार हाय. उन्हाळ्यात गरम वारं यायचं, आन् आता काच. आमची म्हातारी माणसं गाडीत बसायला भ्यायला लागली."

तिघांची गाडी एकाच मॉडेलची, घेतलेलीही मागेपुढे त्याच सुमाराला. तिघेही आपापल्या घरी हेच मानून बसले होते की चुकतंय ते आपलंच. सुभेदारांना तर त्यांच्या सुनेने सांगितलं होतं की आता वय झालं, गाडी सोडा. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

आई उठली. "चला," म्हणाली, "एकेकटं नको. तिघं मिळून जाऊ."

मॅनेजरच्या केबिनमध्ये मी दाराशी उभा राहिलो. आईने मला आत बोलावलं नाही आणि मला जायचीही गरज वाटली नाही. मॅनेजर तिशीतला, सभ्य होता. त्याने तिघांना बसायला खुर्च्या दिल्या आणि तेच बोलायला लागला, तपासणीत दोष दिसत नाही, गॅस व्यवस्थित आहे. आईने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "साहेब, मी नोकरीभर आजारी माणसं पाहिली. दुपारी दवाखान्यात आलेल्याला ताप नसतो म्हणून आम्ही त्याला घरी नाही पाठवत. ताप रात्री येतो असं तो म्हणाला, तर रात्री बघायला जावं लागतं. दोष कशात आहे ते मला माहीत नाही. तो कधी दिसतो ते माहीत आहे. उद्या पहाटे माझ्याबरोबर घाटात चला."

"मी एका टेक्निशियनला पाठवतो, मॅडम."

"त्यांनाही आणा. पण तुम्ही या. वर कळवणारे तुम्ही आहात."

सुभेदार म्हणाले, "त्यांच्यामागे माझी गाडी असेल." शेतकरी म्हणाला, "आन् त्यांच्यामागं माझी." कुणाचा आवाज चढला नाही. मॅनेजरने एकदा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी आणि जॅकेट घालून तो खरोखर आला. मी आणि टेक्निशियन मागे बसलो, तो पुढे, आईच्या शेजारी. आमच्यामागे दोन गाड्यांचे दिवे. भिंगार मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आई एकाच वेगाने चालवत होती. मॅनेजरने मोबाईल काढला, मग ठेवून दिला. घाट चढायला लागलो तसं धुकं आलं. आईने काचेच्या हवेचं बटन दाबलं आणि त्याला म्हणाली, "तुम्हीही दाबून बघा. नाहीतर म्हणाल, मॅडमनी चुकीचं दाबलं."

त्याने दाबलं. बंद केलं, पुन्हा दाबलं. हवा पायांवरच येत राहिली. काच कडेकडेने पांढरी व्हायला लागली. आईने रुंद जागा बघून गाडी अगदी बाजूला घेतली, चारही इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

"आता समोर काय दिसतंय ते सांगा," ती म्हणाली.

तो पुढे वाकला. मग बोटाने काचेवर एक रेघ ओढली. रेघेतून पाणी ओघळलं आणि ती मिटून गेली.

"काहीच नाही," तो म्हणाला.

"माझी बहीण मागच्या सीटवर होती. अशीच काच असताना मी तिला आणलं."

मागच्या दोन्ही गाड्या आमच्यामागे थांबल्या होत्या. मॅनेजर उतरून आधी सुभेदारांच्या गाडीत जाऊन बसला, मग शेतकऱ्याच्या. परत आला तेव्हा त्याच्या जॅकेटवर दव होतं. तो आईकडे वाकून म्हणाला, "मॅडम, तिन्ही गाड्या आजपासून आमच्याकडे राहू द्या. बहिणीला आणायला मी आमची गाडी देतो. हे मी आजच वर कळवतो."

ती गाडी त्याने दिली, आणि आईनेच चालवली. ड्रायव्हर देऊ केला होता, तिने नको म्हटलं.

काही दिवसांनी पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांनी डॅशबोर्ड उघडला. आत एक झडप असते, ती हवा काचेकडे किंवा पायांकडे वळवते, आणि तसलीच दुसरी गरम-गार हवा कमीजास्त करते. त्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी मधूनमधून, आणि थंडीत हमखास, अडकत होत्या. गॅसचा त्यात काही संबंध नव्हता. आई हे ऐकून हसली. "म्हणजे मीही उन्हाळाभर चुकीचंच निदान धरून बसले होते," ती म्हणाली. त्या सुमाराला विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या मोटरी बदलून द्यायच्या, असं वरून आलं. जिल्ह्यातल्या मालकांना सर्व्हिस सेंटरने फोन करून बोलावलं. काउंटरवरचा तो टायवाला तरुण आईला गाडीची किल्ली द्यायला स्वतः बाहेर आला आणि या वेळी तिच्याकडे बघून बोलला.

सुभेदार अजून नातवाला शाळेत सोडतात. सुनेने काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण आमच्याकडे पेढे घेऊन आले ते स्वतः गाडी चालवत.

मला तेव्हा किती अभिमान वाटला ते मी आईला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी रीत नाही. कंपनीत मात्र जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी लोकच मला पुढचं वाक्य सांगायला लागले.

फेब्रुवारीत एका सकाळी मी पुन्हा बरोबर गेलो होतो. थंडी होतीच. आईने बटन दाबलं आणि काच खालून वर स्वच्छ होत गेली, तसा पलीकडचा डोंगर आणि उन्हाची तिरीप दिसायला लागली. मावशीला त्यातलं काही कळलं नाही. ती शाल पांघरून झोपली होती. दवाखान्यात पोचल्यावर शेजारच्या पलंगावरच्या बाईने तिला विचारलं, "तुमाला रोज गाडीनं आनत्यात. डायव्हर ठेवलाय का?"

मावशीने डोळे उघडले, दाराशी चपलांच्या गर्दीत बूट काढत असलेल्या आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "डायव्हर न्हाई. माझी थोरली बहीण हाय ती."