परवाना वाचणारे भाऊ

"थांबा सर, परवाना वाचू द्या," असं म्हणत भाऊ कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत. एका एका शब्दावर रेंगाळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांचा वैताग येई.

गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या वर्षांतली ही गोष्ट. शेतातल्या सापळ्यांत या अळीचे किती पतंग अडकले ते शेतकरी आम्हाला कळवत. आकडा वाढला की आसपासच्या गावांना मोबाइलवर इशारा जाई. ही व्यवस्था यवतमाळातल्या आमच्या छोट्या कचेरीतून चाले. भाऊ पुसदकडचे, पन्नाशीचे. घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सांभाळून प्रोग्रामिंग शिकलेले.

कोड लिहायच्या एडिटरमध्ये जास्तीच्या सोयींसाठी एक्स्टेंशनं टाकतात. फुकट दिसलं की मी टाकून मोकळा. भाऊ आधी त्याचा परवाना, म्हणजे वापराच्या अटी, वाचत आणि अडत. "फुकट हाय, पन खुलं नाही सर. आतला कोड दाखवत नाहीत. उद्या याहिनं बदललं त आपन काय करू?"

इशारे पाठवणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी मी एका कंपनीचं बंदिस्त एक्स्टेंशन निवडलं. भाऊंनी आठवडाभर खपून तेच काम करणारं मुक्त एक्स्टेंशन शोधलं, चालवून दाखवलं. ते जरा हळू होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "भाऊ, इथं काम करायचंय, कीर्तन नाही."

ते हसले. महिन्याभरात "आता वावरच पाह्यतो" म्हणून काम सोडून गेले. त्यांच्या मशीनवरचं ते मुक्त एक्स्टेंशन मीच काढून टाकलं.

पुढच्या हंगामात कंपनीने आपलं एक्स्टेंशन बदललं. आमच्या जुन्या सर्व्हरला ते जोडेना. हे कळलं तेही इशारे पाठवणारा प्रोग्राम बंद पडल्यावर. दुरुस्तीला आत शिरायची दुसरी वाट आम्हा कोणालाच माहीत नव्हती. "भाऊंना विचारू या," सहकारी म्हणाली. मी चार दिवस टाळलं.

पाचव्या दिवशी फोन लावला. "भाऊ, अडलोय."

"सांगतो. लिहून घ्या."

अर्ध्या तासात सर्व्हर उघडला. एक टोमणा नाही. दिग्रसजवळच्या एका शेतकरीण बाईंचा मात्र फोन आला, "संदेश आला, पन अळी बोंडात शिरल्यावर."

माफी मागायला पुसदला जाईन जाईन म्हणत हिवाळा गेला. गेलो, तेव्हा भाऊंना जाऊन महिना झाला होता. हृदयविकार. त्यांच्या पत्नीने मला बसायला खुर्ची दिली.

"संदेश येनं थांबलं तवाच यायले समजलंतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस फोन हातात धरून बसले होते."

"मग लावला का नाही?"

"मी तेच म्हनलं. त म्हने, सरायले आवडनार नाही."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला भाऊंच्या जाण्याचं दुःख झालंय. माझी समजूत काढावी तशा त्या म्हणाल्या, "तुमी फोन केला, बरं झालं. त्या दिवशी लय खूश होते."