राणीच्या टाक्यांचा वास

मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांनी भानामतीचं नाव काढलं तरी गप्प बसवते. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय... पण घरच्यांचा त्याहून जास्त येतो, म्हणून लिहितेच.

आम्ही आदिलाबादकडच्या बेला मंडलातले, म्हणजे तालुक्यातले; घरची कपाशी. घरात मी, नवरा, सासरे – त्यांना मी मामाजी म्हणते – आणि आमची कुत्री राणी. राणीच्या गर्भपिशवीत पू झाला म्हणून आदिलाबादला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी बजावलं होतं : टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, टाक्यांना काही लावायचं नाही. घरी येऊन मी हे मामाजींना समजावून सांगितलं. त्यांनी मानही डोलावली.

हे घडलं त्या दिवशी शाळेला निघताना टाके बघितले. अगदी कोरडे होते. माझी शाळा भीमपूरकडे, गाडीवरून बराच पल्ला. सातवीला शिकवत होते आणि एकदम वास आला... सडक्या जखमेचा, आणि त्यात कपाशीवरच्या कीटकनाशकाचा. खिडक्या उघडल्या, बाकांखाली पाहिलं.

"मॅडम, आमाले तं काईच वास नाई येऊन राह्यला," पोरं म्हणाली.

का कोण जाणे, राणीच डोळ्यांपुढे आली. हेडमास्तरांना सांगून तडक घरी आले.

राणी ओसरीत पडलेली. कॉलर खुंटीला, टाक्यांवर पांढरी पावडर, आणि बाप-लेक शेजारी बसून चहा पिताहेत.

"मामाजी, हे काय लावलं?"

"कपाशीचं औषध. बैलाच्या खुरात किडे पडले का हेच लावतो. बैल मेला का कदी?"

"आणि कॉलर?"

"काऊन ओरडून राह्यली? त्या डबड्यात जीव गुदमरे तिचा. कुत्रं चाटूनच बरं होते."

"बाबांनी चांगल्यासाठीच केलं ना," नवरा म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाकून वास घेतला. पावडरीचा येत होता, सडल्याचा अजिबात नाही. टाके बंद होते. तरी तिचं तोंड-पोट भराभर धुतलं आणि नवऱ्याला गाडी काढायला लावली.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, एक टाका कापला. कातडीखालून पू आला, आणि वास... तोच. वर्गातला.

"ऊपर से तो सब बंद था मैडम. आपको पता कैसे चला?" डॉक्टरांनी विचारलं.

राणी वाचली. पावडरीनंच वाचली, असं मामाजी गावभर सांगतात, आणि नवरा ऐकून घेतो.

जो वास बंद टाक्यांतून बाहेरच पडला नव्हता, तो माझ्या वर्गात कसा आला? भास म्हणा, योगायोग म्हणा. पण दोन धडधाकट माणसं तिच्या शेजारी बसून चहा पीत होती. त्यांना तिचं दुखणं कळलं असतं, तर त्या मुक्या जिवाला माझ्यापर्यंत एवढ्या लांब यावं लागलं असतं का?